समुद्र पुसून आलेली पोती

"मॅडम, माल उतरवून घ्या. मला अंधार पडायच्या आत घाट उतरायचाय," ट्रकवाला म्हणाला.

"हा माल आमचा नाही," मी म्हणाले.

त्याने चलन पुढे केलं. पत्ता मांजरी गावातल्या आमच्याच गोदामाचा होता. मालाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वापरलेले पॅड, परत.' मागे आणखी ट्रक उभे होते. पेट्रोल पंप आणि सडलेली मासळी यांचा एकत्र वास येत होता. उसाच्या शेतातून जाणारी माणसं नाकाला पदर, रुमाल लावून थांबत होती आणि आमच्याकडे बघत होती.

मी तेव्हा हडपसरच्या एका छोट्या कंपनीत क्वालिटी सांभाळायचे. आम्ही कापड बनवायचो, पण नेसायचं नव्हे. पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक वितळवून त्याचे बारीक तंतू काढायचे आणि ते दाबून जाड चादर करायची. या चादरीचा गुण असा, की ती पाणी घेत नाही, फक्त तेल घेते. पाण्यावर तवंग असेल तर तिचा तुकडा टाकायचा. तेल वर येतं, पाणी खाली राहतं. या तुकड्यांना पॅड म्हणतात. उदारीकरणानंतर पुण्याभोवती इतके कारखाने आले, की त्यांच्या फरशीवर सांडलेलं तेल पुसण्यावर आमची कंपनी बरी चालायची.

त्या हिवाळ्यात समुद्रातलं कच्चं तेल किनाऱ्यावर आणणारी एक पाइपलाइन तळाशी फुटली. तेल कोकणच्या किनाऱ्याला लागलं. सफाईचं कंत्राट घेतलेली कंपनी पॅड शोधत होती. आमचे मालक देवधर साहेब हुशार. त्यांनी एका परदेशी ब्रोशरमधून 'टेक-बॅक' हा शब्द उचलला आणि कोटेशनमध्ये टाकला. म्हणजे, वापरलेला माल आम्ही परत घेऊ. ऑर्डर आम्हाला मिळाली ती त्या शब्दामुळे.

पॅड कसे वापरायचे हे दाखवायला मी किनाऱ्यावर गेले होते. दाखवण्यासारखं फार काही नव्हतं. कच्चं तेल लाटांत घुसळलं गेलं की पाणी पिऊन घट्ट होतं. वितळलेल्या चॉकलेटसारखं दिसतं. ते पॅडमध्ये शिरत नाही, नुसतं वर चिकटतं. गावातल्या बायका रोजावर लावल्या होत्या. त्यांनी पॅडची फडकी केली, फावड्याने वाळू उचलली, सगळं पोत्यांत भरलं. भरतीबरोबर नवा थर आला. एका बाईने मला विचारलं, "म्हणजे उद्या पण काम हाय ना?" मासेमारी बंद होती, तिच्या घरची होडी वाळूवर ओढून ठेवलेली होती. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिथे उभी असताना माझं लक्ष साध्या गोष्टींकडे गेलं. बायकांचे गमबूट, हातमोजे, पोती, दोऱ्या, तेल अडवायला पाण्यावर सोडलेलं प्लास्टिकचं कुंपण, आमचे पॅड. सगळं तेलापासूनच बनलेलं. जेसीबी आणि ट्रक डिझेलवर. तेल काढायला तेलच लागत होतं, आणि भरपूर लागत होतं.

ती पोती आता माझ्यासमोर होती. मी साहेबांना फोन लावला.

"उतरवून घ्या," ते म्हणाले. "पिळून तेल काढू. रिप्रोसेसिंगवाल्याला देऊ, तो शुद्ध करून विकेल."

"साहेब, यात तेलापेक्षा वाळू जास्त आहे."

"आपण फार निगेटिव्ह बोलता."

गोदाम भरलं. उरलेली पोती मागच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीलगत रचली आणि वर ताडपत्री टाकली. भिंतीपलीकडे रफीकभाई इनामदारांची नर्सरी होती. गुलाब, शेवंती, शोभेची झाडं. आजूबाजूला नवीन सोसायट्या आणि आयटी कंपन्यांचे कॅम्पस उभे राहत होते. त्यांना हिरवळ लागायची, आणि रफीकभाईंचं बरं चाललं होतं. एका मोठ्या कॅम्पसची रोपं त्यांनी तेव्हा वाढवायला घेतली होती. नवराबायको तिथेच राहायचे.

मी विल्हेवाट लावणारे शोधू लागले. घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत जागेने पहिला प्रश्न विचारला, "कचरा निर्माण कोणी केला? त्यांची सही आणा." तेल कंपनी म्हणाली, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदाराचे मेनन म्हणून अधिकारी होते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, टेक-बॅक तुम्हीच लिहिलंय. आमच्या गेटबाहेर गेला तो माल तुमचा."

मग मी एका सिमेंट कारखान्याला विचारलं. त्यांच्या भट्टीत असा कचरा जळू शकतो. त्यांनी नमुना तपासून परत पाठवला. समुद्राचं मीठ भट्टीला चालत नाही म्हणाले. रिप्रोसेसिंगवाला आला, पोत्यात हात घातला, हात पुसत निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

उन्हाळा आला. प्लास्टिकची विणलेली पोती उन्हात कडक होतात आणि मग पापडासारखी तुटतात. घट्ट झालेलं तेल तापून पातळ झालं. भिंतीच्या कडेला काळी ओल दिसू लागली. मी साहेबांना सांगितलं, खाली सिमेंटचा कट्टा करू, चर खणू. "त्या कचऱ्यावर आणखी खर्च?" ते म्हणाले. नंतर पाटाला पाणी सुटलं. शेताकडे जाणारी चारी आमच्या भिंतीला लागून जायची. ती तुंबली, पाणी आमच्या अंगणात शिरलं आणि पोत्यांखालून उताराने नर्सरीकडे गेलं.

सकाळी रफीकभाई गेटवर आले. हातात स्टीलचा पेला होता.

"मॅडम, हे पाणी हाय का काय हाय? घरात चहा टाकला तर वर रंग फिरायला लागले."

मी वास घेतला. सांगायची गरज नव्हती. त्यांच्याबरोबर विहिरीवर गेले. पाणी खाली होतं आणि सगळ्या पाण्यावर तवंग पसरला होता. त्यांची बायको शमीमभाभी काठावर उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी रिकामी कळशी उचलली आणि त्या घरात गेल्या.

मी फॅक्टरीतून नवे पॅड मागवले आणि दोरीने विहिरीत सोडले. आमचा माल इतका चांगला चाललेला मी कधी पाहिला नव्हता. पॅड काळे होऊन वर यायचे आणि खालचं पाणी स्वच्छ दिसायचं. दुपारपर्यंत तवंग गेला. रफीकभाईंचा चेहरा जरा उजळला.

"निघालं की!" ते म्हणाले. मग त्यांनी काठावरच्या काळ्या ढिगाकडे पाहिलं. "आता हे कुठं टाकणार?"

आम्ही ते पोत्यांत भरलं आणि भिंतीपलीकडे आमच्याच अंगणात नेलं.

तेलातले काही हलके घटक पाण्यात विरघळतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि पॅडच्या हाती लागत नाहीत. विहिरीच्या पाण्याचा नमुना मी लॅबला पाठवला होता, रिपोर्ट आला तो वाईट होता. पिऊ नका, झाडांनाही घालू नका, असं मी सांगितलं. पण टँकर मिळेपर्यंत त्यांनी एक वाफा भिजवलाच. इतकं नितळ पाणी वाया जाऊ द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. पानं कडेने जळाली. पुढे टँकरच्या पाण्यावर निम्मी रोपंही धरली नाहीत. कॅम्पसवाल्यांनी दुसरीकडून झाडं घेतली. त्यांना उद्घाटनाच्या आधी हिरवळ हवी होती.

रफीकभाई साहेबांना भेटायला आले तेव्हा मी केबिनमध्ये होते.

"आमच्याच तेलामुळे झालं कशावरून?" साहेबांनी विचारलं. "तुमचा पंप डिझेलवर आहे ना?"

रफीकभाई म्हणाले, "पंप हाय डिझेलवर. रोपांच्या पिशव्या पण प्लास्टिकच्या हायेत. मग काय, समुद्रातला पाइप मी फोडला का?"

साहेबांनी फोन उचलला. भेट संपली.

मी रफीकभाईंबरोबर बसून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रीतसर तक्रार लिहिली. खाली त्यांची सही आणि माझीही. नोकरीचं काय होईल ते होईल, असं ठरवलं. काही आठवड्यांनी तपासणीला अधिकारी यायचं ठरलं. त्याच्या आदल्या रविवारी गोदाम आणि अंगण, दोन्ही रिकामं झालं.

"पोती कुठे गेली?" मी साहेबांना विचारलं.

"पार्टी मिळाली."

"कुठली पार्टी? काय करणार त्याचं?"

"मॅडम, तुम्हालाच तो माल इथे नको होता ना?"

अधिकारी आले. अंगणात नवीन मुरूम पसरलेला होता. त्यांनी विहिरीचा नमुना घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "पोती दाखवा." मी फोटो दाखवले. "फोटोतली पोती कुठलीही असू शकतात," ते म्हणाले. ते चुकीचं बोलत नव्हते. विहिरीच्या नमुन्यात तेल सापडलं, पण ते आमच्याच पोत्यांतलं हे सिद्ध झालं नाही. ती पोती कुठल्या ओढ्याकाठी किंवा कुठल्या भट्टीत गेली, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

रफीकभाईंनी दोन उन्हाळे टँकरवर काढले आणि जमीन बिल्डरला दिली. विहीर बुजवली. तिच्यावर आज पार्किंग आहे. ते नातेवाइकांकडे खडकीला गेले. मी एकदा भेटायला गेले होते. त्यांनी नीट बसवलं, विचारपूस केली. शमीमभाभी आतून बाहेर आल्या नाहीत.

मी ती नोकरी सोडली आणि दुसऱ्या कंपनीत गेले. तिथे लहान मुलांच्या डायपरचं कापड बनायचं. तेही पॉलिप्रॉपिलीनचंच. निवृत्त झाले ती तिथूनच.

आजही मला कधीकधी तेलगळतीवर बोलायला बोलावतात. तरुण मुलं नवीन यंत्रं दाखवतात, स्लाइड्स छान असतात. मी शेवटी एकच विचारते, "काढलेलं तेल ठेवणार कुठे?" मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, चहा घेऊया."