बांधाखालून येणारी वाळू

माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून हिंजवडीत नोकरीला लागल्या, तेव्हा मी माती तपासणाऱ्या एका छोट्या ऑफिसात होते. "सिव्हिल केलंस ना, आता तुडव चिखल," असं माझा भाऊ म्हणायचा. मी तुडवत होते आणि मला ते आवडत होतं.

त्या पावसाळ्यात लोणी काळभोरच्या अलीकडचं एक काम आलं. नदीकाठी आयटीवाल्यांसाठी बंगले होणार होते. पुराचं पाणी आत येऊ नये म्हणून बिल्डरने मातीचा लांबलचक बांध घातला होता. तो सुरक्षित आहे की नाही, याचा अहवाल आम्ही द्यायचा. माझे साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनियर, सज्जन गृहस्थ. "बघून या, आठवड्यात सही करून टाकू," म्हणाले.

नदी दुथडी भरून वाहत होती. बांध वरून देखणा होता, हिरवळसुद्धा लावलेली. पण बांध वरून बघायचा नसतो. कोरड्या बाजूला, पायथ्याशी मजुरांची दहा-बारा खोपटी होती. त्यांच्यामागे ताटलीएवढा एक झरा बुडबुडत होता आणि भोवती बारीक वाळूचं कडं साचलं होतं. तिथे भांडी घासत बसलेल्या बाईंना मी विचारलं, हे कधीपासून?

"आट दिस झालं की. आदी येक हुता, आता तीन हायती. पानी बी आदी नितळ हुतं."

मी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, ते गढूळ होतं. पाझर नितळ असेल तर फारसं बिघडत नाही. गढूळ झाला म्हणजे पाणी बांधाखालची माती घेऊन चाललंय, झऱ्यापासून नदीच्या दिशेने आतल्या आत नळी कोरत. ती नदीपर्यंत पोचली की बांध बसायला वेळ लागत नाही.

ते पाणी मी बरणीत भरलं आणि दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. तळाशी बोटभर वाळू बसली होती.

"मॅडम, नैसर्गिक झरा आहे तो," मॅनेजर म्हणाला.

"नैसर्गिकच आहे. पाण्याला कोणी पगार देत नाही, म्हणून ते खोटं बोलत नाही."

"आम्हाला दुसरा इंजिनियर मिळेल."

"मिळेल की. त्याला आधी ही बरणी दाखवा."

सोबत आलेल्या साहेबांनी मला बाहेर नेलं. "अहो, 'किरकोळ पाझर' लिहा ना. पावसाळा संपला की दुरुस्ती करायला लावू."

"आणि तोवर त्या खोपट्यांतली माणसं कुठे झोपणार, सर?"

"तुम्हाला नोकरी नको आहे का?"

"हवी आहे. पण माझी सही खऱ्या अहवालावरच मिळेल."

मी तडक स्वारगेट गाठलं आणि बसने बांधावर गेले. खोपट्यांतल्या सगळ्यांना जमवून सांगितलं, इथून हला. मुकादम ओरडत आला, तेव्हा कालच्या त्या बाई त्याला म्हणाल्या, "वाहून गेल्याव तू येशील व्हय हुडकाय?" संध्याकाळपर्यंत बिऱ्हाडं वरच्या रस्त्याकडेच्या गोदामात गेली. मग मजुरांना घेऊन आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून प्रत्येक झऱ्याभोवती गोल रचली. आत जाड वाळू, वर खडी. पाणी निघावं, माती अडावी.

ते तीन झरे आवरले. चार दिवसांनी वरच्या धरणातून नदीत पाणी सोडलं आणि थोडं पलीकडे चौथा फुटला. बांधाचा माथा तिथे हातभर खचला, उतार घसरला आणि तीन खोपटी मातीखाली गेली. आत कोणी नव्हतं.

मला तोवर कामावरून काढलं होतं. पुढे बांध पायापासून उकरून नव्याने घातला. त्यासाठी केलेल्या अहवालात माझेच मुद्दे होते, सही दुसऱ्याची.

साहेबांचा एकदा फोन आला. "तुमचं बरोबर होतं हो. पण बोलण्याची पद्धत…"

"बांधाला पद्धत कळत नाही, सर," म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांच्याशी इतकं तुटक वागले याचं अजून वाईट वाटतं. जे बोलले, त्याचं नाही.