सयाजीच्या हातची घड्याळं

आमच्या सयाजीची इस्टेट म्हणजे त्याचे हात. जमीन होती ती वाटण्यांत गेली, विकली गेली. पिंपळे गुरवात जिथं आम्ही हुरडा खाल्ला तिथं आता लोक गाड्या लावतात आणि जागेवरून भांडतात. त्याचं सयाजीला कधी काही वाटलं नाही. पण त्याच्या हातच्या कामाला कुणी नाव ठेवलं, की गडी ताटावरून उठायचा.

सयाजी माझा धाकटा भाऊ. माझं घर त्याच्याच गल्लीत, चार दारं सोडून. चिंचवडच्या एका कंपनीत तो तपासणीला होता. दुसऱ्यांनी केलेले पीस मापायचे, बरोबर निघाले तर पुढं सोडायचे, नाही निघाले तर बाद करायचे. जन्मभर हेच केल्यावर माणूस घरी आल्यावर तरी कसा थांबणार? माझी भाकरी हातात घेऊन म्हणायचा, "आक्का, एका अंगाला जाड हाय." मी म्हणायचे, "मग पातळ अंगानं खा."

रिटायर झाला आणि घरात नुसता फेऱ्या मारू लागला. यशोदा, म्हणजे त्याची बायको, कंटाळून गेली. डबे उघडून बघायचा, नळाखाली घमेलं ठेवून थेंब मोजायचा. त्याच सुमाराला गावातली जुनी घरं पडायला लागली होती. लोक आज्या-पणज्याची घड्याळं भंगारात देत होते. एक लंबकाचं घड्याळ भंगारवाल्याच्या गाडीवर, फुटक्या बादलीत उभं, ह्याला दिसलं. घेऊन आला. जेवायच्या टेबलावर कागद अंथरून सगळं खोललं आणि पेट्रोलमध्ये चाकं धुतली. यशोदेच्या घरात आठवडाभर आमटीला पेट्रोलचा वास. पण एका सकाळी ते घड्याळ चालू झालं, टोले द्यायला लागलं, आणि आमचा सयाजी असा हसला, जसा लग्नातही हसला नव्हता.

मग लोकच यायला लागले. पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायट्यांतले, जागा विकून वर राहायला गेलेले आपलेच लोक. "सयाजीभाऊ, आज्याचं घड्याळ हाय, बंद पडलंय." खिडकीपाशी त्याचं टेबल, डोळ्याला भिंग, आणि भिंतीवर पाच-सहा घड्याळं एकदम चाललेली. सगळी थोडी मागं-पुढं, त्यामुळं बारा वाजले की ती बारा वाजवायची मिनिटभर. बाहेरून येणारा दचकायचा. दुरुस्त झालेलं घड्याळ आठवडाभर भिंतीवर चालल्याशिवाय तो कुणाला देत नसे. म्हणायचा, "आधी माझ्याकडं पास होऊ दे."

चार-पाच वर्षं अशी गेली आणि त्याचे हात कापायला लागले. सुरुवातीला थोडे. मी विचारलं तर म्हणाला, "थंडी हाय." मी म्हटलं, "वैशाखात?" तर म्हणाला, "मला लागती." डॉक्टरची गोळी सुरू झाली, कापणं तेवढंच राहिलं.

पण घड्याळं थांबली नाहीत. उलट त्याचं नाव वाढलं. त्याचा मुलगा जयदीप चाकणला कंपनीत आहे, तो आता घड्याळं पोचवायचं काम करायचा. "बाबा, त्यांना घाई आहे, घरी कार्यक्रम आहे," असं म्हणून जोडून झालेलं घड्याळ लगेच गाडीत घालायचा. सयाजी कुरकुरायचा, "भिंतीवर तरी चालू दे लेका." पण चार दिवसांनी मालकाचा फोन यायचा, घड्याळ झकास चाललंय म्हणून. साहेबराव म्हणून त्याचा कंपनीतला जुना सोबती, त्यानं टेबलावरचं घड्याळ दिलं होतं. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. स्पीकर लावून ऐकला आम्ही. "सयाजी, सोन्याचे हात हायेत राव तुझे!" सयाजीनं फोन ठेवला आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसला. मी ही गोष्ट गल्लीत दहा घरी सांगितली.

परवाच्या उन्हाळ्यातली दुपार. मी सयाजीच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. एक माणूस मोटारसायकल उभी करून, चादरीत बांधलेलं काहीतरी पोटाशी धरून आला.

"मावशी, जयदीपसाहेबांचं घर हेच का ओ?"

"हेच. पण साहेब कंपनीत गेलेत. टेक जरा, पाणी देते."

"फोन लागंना त्यांचा. नाक्यावर विचारत विचारत आलो. मी ज्योतीराम, दिघीला असतो. उद्या गावाकडं निघालाव, उदगीरला, बहिणीच्या पोरीचं लगीन हाय. म्हनलं हे देऊन टाकावं."

आवाज ऐकून सयाजी बाहेर आला. भिंग कपाळावर चढवलेलं, हातात चिमटा.

"काय हाय?"

"काही न्हाई काका, घड्याळ हाय. आन जयदीपसाहेबांना एक निरोप सांगा. त्यांना म्हनावं, ते जे कोण म्हातारं घड्याळं खोलायलंय, त्याला आवरा. न्हाई तर पेचकस लपवून ठिवा त्याचा. स्क्रूची तोंडं खाल्ली की ओ सगळी! आन ह्या बारीला तर चाकाचा दांडा फिरतोय त्या पितळी बुशचं भोकच वाकडं पाडलंय. चाक दोन दिवस फिरतंय आन अडकतंय. मला नवं बुश बसवाया लागलं."

एवढं बोलून तो हसला आणि पाणी प्यायला. माझ्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. सयाजीनं चादरीची गाठ सोडली. गाठ सुटेना, मग ज्योतीरामनंच सोडून दिली. आत साहेबरावाचं भिंतीवरचं घड्याळ. सयाजीनंच महिनाभर बसून केलेलं. आणि आठवड्यापूर्वी जयदीपनं ते पोचवलं होतं. "साहेबरावकाका लई खूश झाले बाबा," असंही येऊन सांगितलं होतं.

सयाजीनं अगदी हळू विचारलं, "आजवर किती आली तुझ्याकडं अशी?"

"लई आली. दोन-तीन वर्सं झाली असतील. इथनं निघालेलं हरेक माझ्याकडंच येतंय की."

मग त्याची नजर सयाजीच्या कपाळावर गेली. भिंगावर. मग चिमट्यावर. मग त्या कापणाऱ्या हातावर. भांडं खाली ठेवून तो उठला आणि सयाजीच्या पायाला हात लावला.

"काका, मला ठाऊक न्हवतं ओ. साहेब म्हनले, घरात एकाला नाद हाय, खोलून ठेवतेत..."

"तुझं काय चुकलं? तू काम केलंस," सयाजी म्हणाला. "बस. भोक कुठं वाकडं गेलंय ते दाव मला."

ज्योतीराम नको नको म्हणत होता, पण सयाजीनं ऐकलं नाही. ओट्यावरच घड्याळ खोलायला लावलं. सयाजीनं बसवलेलं बुश ज्योतीरामच्या खिशात कागदाच्या पुडीत होतं, जयदीपला दाखवायला आणलेलं. ते सयाजीनं भिंगाखाली धरलं. किती वेळ बघत होता. हात कापत होता म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

"बाद हाय," म्हणाला. एवढंच.

घड्याळ परत जोडून ज्योतीराम घाईनं गेला. चहाला थांबला नाही. मागं वळले तर स्वयंपाकघराच्या दारात यशोदा उभी. सयाजी तिच्याकडं न बघताच म्हणाला, "तुला ठावं व्हतं."

ती माझ्याकडंच वळली. "वन्सं, तुमीच सांगा, मी काय करणार व्हते? ह्यांचं काम सुटलं असतं तर हे अंथरूण धरून बसले असते."

"मी काय सांगू बाई? मला तर हे आत्ता कळतंय. मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला सांगितलं असतं तर दिवे लागायच्या आत दापोडीच्या पुलापल्याड गेलं असतं."

खरं सांगते, मलाही लागलं. दहा घरी मी जे कौतुक सांगत फिरले, त्या दहा घरांतल्या बायांनी काय म्हणून ऐकून घेतलं असेल? व्हय का, व्हय का, म्हणत होत्या सटव्या.

संध्याकाळी जयदीप कंपनीच्या बसमधून उतरला. टेबलावर घड्याळ बघितलं आणि गळ्यातलं कार्ड काढता काढता थांबला.

"बाबा, ऐकून तरी घ्या."

"सांग की."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं. दुसरं काय मनात नव्हतं. आणि कंपनीत आपण हेच करतो ना? ऑपरेटरचा पीस बिघडला की रिवर्क करून पुढं पाठवतो. प्रत्येक वेळी ऑपरेटरला कुठं सांगत बसतो?"

तिथं चुकलं पोराचं. दुसरं काहीही बोलला असता तरी चाललं असतं.

"तुझ्या कंपनीत करत असतील," सयाजी म्हणाला. "म्या जल्मभर पीस बाद केले. बाद पिसावर लाल रंगाचा ठिपका द्यायचो आन ज्याचा त्याच्या हातात नेऊन द्यायचो. म्हणायचो, हे बघ, हितं चुकलंस. लोकांनी शिव्या दिल्या. एकानं गेटबाहेर माझी कॉलर धरली, दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला म्या. पण कुणाच्या माघारी त्याचा पीस बदलला न्हाई. तू तुझ्या बापाला लाल ठिपकासुदिक दिला न्हाईस."

"मग काय, तोंडावर सांगायचं होतं का, तुमचे हात गेले म्हणून?"

"व्हय."

जयदीप रडायला लागला. एवढा मोठा पोरगा, कंपनीचा शर्ट घातलेला. यशोदा त्याच्या पाठीवर हात फिरवत होती आणि सयाजी एकटा पडला होता, आपल्याच घरात. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"थांबायचं का न्हाई ते म्या ठरवलं असतं, आक्का," तो मला म्हणाला. "म्या मापलं असतं आन थांबलो असतो. माझी तपासणी ह्यांनी काढून घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सयाजी तयार होऊन माझ्या दारात. साहेबरावाचं घड्याळ स्वतः पोचवायचं म्हणाला. रिक्षा केली, पिंपळे सौदागरला गेलो. साहेबराव सातव्या मजल्यावर राहतो. दार उघडताच ओरडला, "अरे ये, ये! कारागीर खुद्द आले!"

सयाजी चपला न काढता दारातच उभा राहिला. "साहेबराव, हे माझ्या हातचं न्हाई. दिघीला ज्योतीराम म्हणून गडी हाय, त्याच्या हातचं हाय. मागचंबी त्याचंच."

मला वाटलं, आता साहेबराव चकित होईल. तो सयाजीच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "ठाऊक हाय रे मला. सगळ्यांनाच ठाऊक हाय. त्यात काय एवढं? आत ये, बस."

"सगळ्यांना?"

"मग? जयदीपनं सांगूनच घड्याळ घेतलं ना आमच्याकडनं. चांगला पोरगा हाय तुझा. बापाला जपतो."

"आन तो फोन? सोन्याचे हात?"

साहेबराव जरा गोंधळला. माझ्याकडं बघितलं. "जयदीप म्हणाला, काका, एक फोन करा, बाबांना बरं वाटंल. म्हणून केला राव. मित्रासाठी माणूस एवढं करतो की न्हाई?"

सयाजीनं घड्याळ दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवलं. लिफ्टमध्ये मी त्याच्याशी काही बोलले नाही, आणि मी बोलले नाही म्हणजे समजा.

घरी आलो तर यशोदेनं चहा ठेवलेला. तिनं कप पुढं केला. कप अर्धाच होता. सयाजी कपाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अर्धा कवापासनं देतीस?"

ती खाली बघायला लागली.

"भर."

"अवं सांडंल..."

"भर म्हणतो न्हवं?"

तिनं काठोकाठ भरला. त्यानं उचलला. बशीत सांडला, सदऱ्यावर सांडला, सतरंजीवर सांडला, बोटं भाजली असतील. उरला तो प्यायला. यशोदा फडकं घेऊन पुढं झाली तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मला बघू दे किती सांडतंय."

खिडकीतलं टेबल त्यानं स्वतःच आवरलं. कुणी घड्याळ घेऊन आलं की दिघीचा पत्ता सांगतो. जयदीपशी बोलतो, नाही असं नाही. भाजी काय आणायची, बिल भरलं का, एवढंच. पोरगं कामावरून आलं की ह्याच्या शेजारी येऊन बसतं. हा टीव्हीकडं बघतो.

पण एक खोड लागलीय त्याला. कुणी चांगलं बोललं की थांबतो. जयदीपच्या बायकोनं म्हटलं, बाबा, सदरा छान दिसतोय, तर विचारतो, "कुणी सांगितलं म्हणायला?" डॉक्टर म्हणाले, आजोबा, आता बरं आहे तुम्हाला, तर डॉक्टरांकडं न बघता आधी जयदीपच्या तोंडाकडं बघितलं त्यानं.

काल मी सहज म्हणाले, "सयाजी, चेहऱ्यावर जरा तजेला आलाय रे तुझ्या."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी त्याची थोरली बहीण, कडेवर घेऊन फिरवलेला मी त्याला. म्हणाला, "आक्का, तुलाबी जयदीपनं फोन केला व्हता का?"

"न्हाई रे. आईची शपथ."

मान हलवली त्यानं. पण पटलं का नाही, ते मला अजून कळलेलं नाही.