नोरीनबाईंनी शिकवलेला आचारी

आमच्या शाळेचा आचारी रुसोके अकीकी मुलांवर ओरडलेला मी चौदा वर्षांत एकदाच ऐकला. एका पोरानं ताटातला पोशो कुत्र्यापुढं टाकला होता. "कुत्र्याला घालायचं तर माझ्याकडून मागून घे. तुझ्या वाटचं तू खायचं," असं म्हणून त्यानं त्या पोराच्या ताटात पुन्हा वाढलं आणि तो खाईपर्यंत समोर उभा राहिला.

आमच्या टोरो मुलखात कुणाला नुसत्या नावानं हाक मारणं कानाला खटकतं. ठरलेल्या दहा-बारा लाडक्या नावांतलं एक नाव प्रत्येकाला बारशालाच मिळतं आणि जन्मभर तेच तोंडी असतं. रुसोकेचं अकीकी, माझं आब्वोली. मी शाळेत भूगोल शिकवतो. माझा वर्ग स्वयंपाकघराला लागून असल्यामुळं नद्या आणि डोंगर शिकवताना पोरांचं निम्मं लक्ष अकीकीच्या पातेल्यांकडे असतं. त्यांना तरी काय बोलणार? माझंही तसंच.

साडेतीनशे पोरं आहेत. दहा वाजता मक्याची पेज, दुपारी पोशो आणि घेवडा. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. एवढ्या पोरांची उकड घोटायला होडीच्या वल्ह्याएवढं लाकडी उलथनं लागतं, आणि ते फिरवून फिरवून अकीकीचे खांदे कुस्तीगिरासारखे झालेत. शुक्रवारी मात्र तो फिरिंदा करतो. घेवडा भिजवून, एकेका दाण्याचं साल काढून, शिजवून घोटायचा आणि वरून तूप सोडायचं. दुसऱ्या कुठल्या शाळेत हे लाड होत नाहीत, कारण साडेतीनशे जणांचा घेवडा सोलणार कोण? अकीकीनं त्यावर उपाय काढला. गुरुवारी दुपारी गावातल्या म्हाताऱ्या आमच्या आवारातल्या अवोकाडोच्या झाडाखाली जमतात, गावभरच्या लोकांची सालं काढता काढता घेवडाही सोलतात, आणि अकीकी त्यांना दुधाचा चहा पाजतो.

हा माणूस वैमानिक व्हायचा होता. निदान कागदोपत्री तरी.

अकीकी आठ वर्षांचा असताना त्याचा बाप तापानं गेला. आई चहाच्या मळ्यात पानं खुडायची. फी भरता येईना म्हणून पोरगा घरी बसला. त्या सुमारास परदेशातल्या लोकांकडून गरीब मुलांच्या शिक्षणाचा खर्च मिळवून देणारी एक संस्था आमच्याकडे आली. एकेका मुलाला तिकडचा एकेक पालक. संस्थेचे बालुकू मास्तर चर्चच्या ओट्यावर टेबल टाकून अर्ज भरत होते. अकीकीची आई त्याला घेऊन दुपारपर्यंत रांगेत उभी होती.

"मोठेपणी काय होणार?" मास्तरांनी विचारलं.

आई म्हणाली, "मोठेपणीचं त्याला काय ठाऊक, मास्तर? आत्ता त्याला भूक लागलीय."

"अहो बाई, रकाना आहे तो. रिकामा ठेवून चालत नाही. सकाळपासून सात डॉक्टर झालेत. याला वैमानिक करतो."

मग शेजारच्याचा स्वेटर घालून त्याचा फोटो काढला. तो फोटो आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या नोरीन नावाच्या बाईंकडे गेला. बाई दूध डेअरीत कामाला होत्या, वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. त्या दिवसापासून अकीकीची फी, वह्या, गणवेश, सगळं त्यांच्याकडून येऊ लागलं.

वर्षातून तीनदा संस्थेच्या कचेरीत बसून मुलांनी पत्र लिहायचं असा नियम होता. आधी मास्तर फळ्यावर लिहून देत तेच सगळे उतरवत. मी बरा आहे, तुम्ही बऱ्या असाल, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो. इंग्रजी जरा जमायला लागल्यावर अकीकी आपल्या मनानं लिहू लागला, आणि त्याच्याजवळ लिहिण्यासारखी गोष्ट एकच होती, त्याची शेळी. शेळी दर रविवारी चर्चमध्ये घुसायची. एकदा तिनं पत्राचा कोपराच खाल्ला. पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून त्यानं ते तसंच पाठवलं. नोरीनबाईंचं उत्तर आलं, त्यात वरती अकीकीचं नाव आणि खाली शेळीसाठी वेगळ्या चार ओळी. बाई पावसाबद्दल लिहायच्या, दुखऱ्या कंबरेबद्दल, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल. आणि नाताळला न चुकता विमानाचं एक चित्र पाठवायच्या.

विमानाची चित्रं वाढत गेली तसा अकीकी मनातून घाबरू लागला. गणित त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. माध्यमिकच्या चौथ्या वर्षाच्या, सीनियर फोरच्या परीक्षेत तो गणितात गेला, विज्ञानात गेला. पुढचे दरवाजे बंद.

नोरीनबाईंना कळवायला तो पाच वेळा कागद घेऊन बसला आणि पाची वेळा कागद चुलीत गेला. बाईंची आणखी दोन पत्रं कचेरीत आली. बालुकू मास्तरांनी निरोपावर निरोप धाडले, हा आणायलाच गेला नाही. आई चिडली. "अरे, नापास झालास, चोरी नाही केलीस! त्या बाईला दोन ओळी लिहायला काय जातं तुझं?" पण अकीकी मळ्याच्या वसतिगृहात भांडी घासायला लागला आणि तो विषय त्यानं तोंडातून काढला नाही.

तिथंच तो स्वयंपाक शिकला. आमचा म्हातारा आचारी थकला तेव्हा मुख्याध्यापिका काबाहेंडाबाईंनी अकीकीला बोलावलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं किडका घेवडा आणणाऱ्या व्यापाऱ्याची पोती फाटकाबाहेर ठेवली. "हा माल तुझ्या घरी शिजव, तुझ्या पोरांनी खाल्ला तर उद्या मी घेतो," म्हणाला. व्यापारी पोती घेऊन गेला तो चांगला माल घेऊनच परतला. त्यानंतर स्वयंपाकघराच्या कारभारात अकीकीला कुणी काही विचारायला गेलं नाही. त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. बायको केमिगिसा, तिला आम्ही आतेन्यी म्हणतो, ती डुकरं पाळते. घर नीट चाललं होतं.

आणि गेल्या वर्षी निरोप आला. नोरीनबाई, वय अठ्ठ्याहत्तर, आपल्या चर्चच्या मंडळींबरोबर युगांडात येताहेत आणि त्यांना रुसोकेला भेटायचंय.

शिक्षकांच्या खोलीत बसलेला अकीकी मी विसरणार नाही. गुडघ्यावर हात, नजर जमिनीत.

"त्यांना सांगा मी सुदानला गेलो," तो म्हणाला.

"सुदानला कशाला?" काबाहेंडाबाईंनी विचारलं.

"मग मेलो म्हणून सांगा."

"अकीकी, खोटं बोलायचं ते मी तपासणीसांशी बोलते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईशी नाही."

विज्ञानाच्या सरांनी तोडगा काढला. "आचारी नको म्हणायला. आहार अधिकारी म्हणू. माझा कोट देतो."

आतेन्यी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "कोट घालून चुलीपाशी बसला तर पेटेल की तो! राहू द्या. जसा आहे तसा दाखवा. मी नाही का रोज बघत?"

बाई यायच्या दिवशी सकाळी अकीकीनं पेज केली, वाढली, घेवडा चुलीवर चढवला आणि गायब झाला. अकराच्या सुमारास गाडी आली. काबाहेंडाबाई पाहुण्यांना सामोऱ्या गेल्या आणि जाता जाता मला दटावून गेल्या, "आब्वोली, त्याला शोधून आणा. नाहीतर आज तुम्ही पोशो घोटाल."

तो सापडला निलगिरीच्या झाडांमागं, लाकडं फोडत. आधीच एवढी फोडून झाली होती की महिनाभर पुरली असती.

"चल," मी म्हटलं.

"आब्वोली, अकरा वर्षं त्या बाईनं माझी फी भरली. तिच्यासमोर मी काय घेऊन उभा राहू? उलथनं?"

वारा आमच्याकडे वाहत होता. मी म्हटलं, "ते तुझं तू बघ. घेवडा मात्र खाली लागतोय. वास येतोय."

कुऱ्हाड टाकून तो पळत सुटला. मागोमाग मी. स्वयंपाकघराच्या दारात तो असा थबकला की मी त्याच्या पाठीवर आदळलो.

आत एक उंच, वाकलेली, पांढऱ्या केसांची बाई बाह्या वर सारून, धुरानं डोळे पुशीत, ते भलंमोठं उलथनं पातेल्यात फिरवत होती. काबाहेंडाबाई बाजूला हतबल उभ्या.

"तळाशी लागायला लागला होता," नोरीनबाई म्हणाल्या. "आग ओढली मी जरा बाहेर. चाललं ना?" आणि मग त्याच्याकडे निरखून, "रुसोकेच तू. कान तेच आहेत."

अकीकीनं त्यांच्या हातातलं उलथनं घेतलं. मग शाळेतल्या पोरानं पाठ केलेलं म्हणावं तसं एका दमात म्हणाला, "मी नापास झालो. मी वैमानिक झालो नाही. मी आचारी आहे. तुम्हाला पत्र लिहिलं नाही, माझं चुकलं."

"नापास झालास ते तेव्हाच कळवलं मला संस्थेनं," बाई लाकडाच्या ओंडक्यावर बसत म्हणाल्या. "आणि वैमानिक म्हणशील तर मी तीन मुलांना शिकवलं. तीन देशांतली तिघं. तिघांच्या अर्जात वैमानिक. मी म्हटलं, ही सगळी वर उडाली तर खाली जमिनीवर राहणार कोण?"

"मग ती विमानांची चित्रं?"

"मला वाटलं तुला आवडतात! तू दर वेळी आभार मानायचास."

काबाहेंडाबाई पदर तोंडावर धरावा तसा हात धरून हसू दाबत होत्या. बाईंना मात्र दुसरंच काहीतरी विचारायचं होतं. त्या पुढं झुकल्या.

"ते सगळं राहू दे. शेळीचं काय झालं? शेवटच्या पत्रात तू लिहिलं होतंस की ती अडलीय, रात्रभर ओरडतेय, सकाळी डॉक्टर येणार आहेत. आणि तिथंच थांबलास. अठरा वर्षं झाली, रुसोके. माणसानं असं करावं का?"

अकीकीच्या तोंडाचा आ झाला. अठरा वर्षं तो ज्या प्रश्नाला भिऊन होता तो हा नव्हताच.

"सुटली," तो म्हणाला. "दोन करडं झाली. दोन्ही माद्या. एकीचं नाव आम्ही नोरीन ठेवलं."

"अगंबाई! मग ती कुठाय?"

अकीकीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"ती... माझ्या लग्नात कापली."

मग बाईंनी विचारलं, "चवीला कशी होती?"

"जरा चिवट."

बाई अशा हसल्या की ओंडक्यावरून घसरायच्या राहिल्या. हसता हसता डोळे पुसले, तो धूर नव्हता. अकीकी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. मी आणि काबाहेंडाबाई बाहेर आलो. आत आमचं काही काम नव्हतं.

नोरीनबाई त्या दिवशी पोरांबरोबर ओळीत बसून जेवल्या, दुसऱ्यांदा घेवडा मागून घेतला, आणि मीठ कमी आहे असंही सांगितलं. एवढ्या वर्षांत अकीकीला असं सांगायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नव्हती. चर्चची मंडळी जनावरं बघायला रानात गेली, या मागंच राहिल्या, अकीकीच्या घरी. गुरुवारी म्हाताऱ्यांच्यात बसून त्यांनी घेवडा सोलला. भाषा येत नसताना तिघी-चौघींशी कंबरदुखीवर तासभर बोलणं झालं. हाक मारायला लाडकं नाव नाही म्हणजे ही बाई जन्मलीच नाही, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं आणि झाडाखाली तिथंच बारसं उरकलं. नोरीनबाई अमूती झाल्या. निघताना अकीकीच्या आईनं त्यांच्या पिशवीत शेंगदाणे भरले, इतके की पिशवीचा बंद तुटला.

त्यानंतर अकीकी बदलला असं मी म्हणणार नाही. मीठ थोडं वाढलं. पण नोव्हेंबरात परीक्षा झाल्यावर एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. घेवडा सोलणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकीची नात, काटुसाबे, सातवीला होती. चांगली हुशार. आई मळ्यात कामाला, आणि पुढं शिकवायचा विचार घरात कुणी केलेलाच नव्हता.

"मी आणि आतेन्यीनं ठरवलंय," तो म्हणाला. "निवासी शाळेत घालून आम्ही शिकवू तिला."

"तुला झेपेल?"

"डुकरीण व्यायलीय. नऊ पिल्लं आहेत." आणि पुढं म्हणाला, "अमूतींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, अर्धं मी देते. मी म्हटलं, नको. तुमचं देऊन झालंय. तुम्ही फक्त त्या पोरीला पत्रं लिहा, कंबरेबद्दल, कुत्र्याबद्दल, काहीही."

"आणि पोरीला विचारलंस का, तिला जायचंय का?"

"विचारलं ना. म्हणाली, तिथं पांघरूण आपलं आपल्याला वेगळं मिळतं का? घरी चौघी एका पांघरुणात झोपतात. मी म्हटलं, वेगळं मिळेल. तर म्हणाली, मग जाते."

फेब्रुवारीत मी त्यांच्याबरोबर फोर्ट पोर्टलच्या निवासी शाळेत गेलो. काटुसाबेची पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी, नवं लाल पांघरूण, आणि आम्ही तिघं, एका टॅक्सी-व्हॅनमध्ये चौदा माणसांत. रवेंझोरीचे डोंगर त्या दिवशी ढगांत होते. पोरीनं पूर्ण वाट पांघरूण मांडीवरून खाली ठेवलं नाही. तिथं नाव लावलं, पलंग मिळाला, वसतिगृहाच्या बाईंनी नियम वाचून दाखवले. मी मागं वळून बघतो तर अकीकी नाही.

तो तिथल्या स्वयंपाकघरात होता. चुलीत डोकं घालून आचाऱ्याशी वाद घालत होता, की धुराडं फार अरुंद आहे आणि लाकूड ओलं आहे. घेवड्याचे दोन दाणे तोंडात टाकून त्यानं चावून बघितले. काटुसाबे दारात लाजेनं अर्धी झाली होती. "काका, चला ना, सगळ्या बघताहेत," ती कुजबुजली.

"बघू देत. तुला चार वर्षं इथं जेवायचंय."

परतताना टॅक्सीत तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. चहाचे मळे गेले, केळीच्या बागा गेल्या. त्याच्या मनात काय चाललं असेल याचा मी अंदाज बांधत होतो.

"घेवडा चांगला आहे," शेवटी तो म्हणाला, समाधानानं. "निवडलेला. खडे नाहीत." आणि मान मागं टाकून गाव येईपर्यंत गाढ झोपला.