समुद्राला विरजण

आमच्या अमडापुरात समुद्र मी आणला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. लोणच्याच्या आठ बरण्या भरून तो मुंबईहून ट्रकवर निघाला आणि माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे उतरला.

पाठवणारा माझा साळा, बायकोचा थोरला भाऊ. मुंबईत समुद्री मासे सांभाळायची त्याची नोकरी. माझ्या लग्नात, भर पंगतीत मी त्याला मोठ्यानं विचारलं होतं, "मासोळ्याइले आंघोळ घालाले बी मानूस ठेवतात काय बे?" पंगत तासभर हसली, हसणं पार चिखलीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. साळा मात्र पानावरून उठला, तो सात वर्षं उंबऱ्यावर फिरकला नाही. भाऊबीजेला बायको, भाऊ असून, चंद्राला ओवाळायची.

आता एका बरणीच्या गळ्याला त्याची चिठ्ठी बांधलेली होती: "दोन मासे घेऊन येतो. तुमच्या पाण्यात जगले तर तुमच्या घरी जेवतो. मेले तर आल्या गाडीनं परत."

खाली पाणी तयार करायची रीत. नव्या पाण्यात मासा आपल्याच घाणीनं मरतो. ती घाण पचवणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव आधी पाण्यात वाढवावे लागतात. मी गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं, "विरजण टाकून चाळीस दिवस वाट पाहावी." पुढच्या ओळी खाऱ्या पाण्यानं पुसून गेल्या होत्या. दुकानात एक मोठी काचेची पेटी मांडून समुद्र तिच्यात ओतला; एका बरणीच्या तळाशी ओली वाळू होती, तीही ओतली. ट्रकच्या एका जुन्या ट्यूबमध्ये हवा भरली, तिची बारीक नळी पाण्यात सोडली आणि पंक्चर काढायला बसलो.

चौथ्या दिवशी पाहतो तर समुद्र पांढरा! ताकच म्हणा. वास असा, की समोरच्या लिंबावरचे कावळे संग्रामपूरला बिऱ्हाड घेऊन गेले.

"हे काय झालं?" मी ओरडलो.

"विरजण लावलं," बायको म्हणाली. "तुमीच तं वाचलं. पळीभर दही टाकलं. घरचं हाय, गोड."

माझी दातखीळ बसली. दोन दिवस मी बोललो नाही. गावात मी गेलो अशी बातमी उठली.

"दादाले कळवू नका," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "तो येनारच नाही मंग."

दुसरा समुद्र आणायचा कुठून? मी रोज ट्यूबमध्ये हवा भरत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात वास गेला. पुढे पाणी असं निवळलं, की पेटी रिकामी आहे समजून मी दोनदा त्यात हात घातला.

चाळिसाव्या दिवशी साळा बसमधून उतरला, बरणी पोटाशी धरून. रामराम नाही, काही नाही. पेटीपाशी गेला, वाकून पाहिलं. "पानी तं बरं दिसते," म्हणाला आणि बरणी कलती केली.

बायकोनं त्याचं मनगट धरलं. "दादा, थांब. म्या यात दही टाकलं."

"काय?"

"विरजण. तूनंच लिहिलं ना."

"अवं येडे, विरजण म्हंजे ते वाळू! जुन्या पेटीतली!" तो मटकन माझ्या बसायच्या ठोकळ्यावर बसला. "दही! समुद्रात दही!"

बराच वेळ तो तेवढंच म्हणत होता. मग त्यानं पाण्यात बोट बुडवून हुंगलं, जिभेला लावलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगलं. "पाहू," म्हणाला आणि लहान, निळा मासा सोडला.

मासा तळाशी जाऊन आडवा पडला. बायकोनं डोळे मिटले. माझ्या हातातला पाना पायावर पडला तरी मी ओरडलो नाही, यावरून काय ते समजा. मग माशानं शेपटी झटकली, सरळ झाला आणि काचेशी येऊन माझ्याकडे बघू लागला. मागून साळ्यानं दुसराही सोडला.

दुपारची गाडी गेली. संध्याकाळची गेली. मासे फिरत होते.

साळ्यानं हातपाय धुतले आणि पाटावर बसला. बायकोनं भाकरी वाढली, भाजी वाढली. शेवटी ती दही घेऊन आली, तेव्हा त्यानं ताटावर हात आडवा धरला.

"हे नको. मासोळ्याइले ठेव."

आधी तो हसला. मग मी त्याच्याकडे एकदा बघून घेतलं आणि हसलो.