सरहद्दीवरच्या जोग्याची आय

दिघाशी गावची तुळजा वडप्याच्या एका गोदामात पॅकिंगला होती. गेल्या वर्षी शेजारचं रिकामं गोदाम टीव्हीवाल्यांनी भाड्याने घेतलं आणि आत अख्खी डोंगराळ सरहद्द उभी केली. मातीची घरं, पहाऱ्याची चौकी, खोटे कातळ. मालिका एका संताच्या बालपणाची होती. सरहद्दीवरच्या चकमकीत पोरका झालेला मुलगा रानातल्या बाईकडे वाढतो आणि पुढे मोठा गुरू होतो, अशी गोष्ट.

गर्दीत उभं राहायला बायका हव्या होत्या, म्हणून तुळजा सुट्टीच्या दिवशी गेली. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन चढ चढायचा प्रसंग होता. त्या रानातल्या आईचं काम करणाऱ्या नटीला तो उचलेना. दुसऱ्या खेपेला तिची कंबरच धरली. दिग्दर्शिका अपूर्वाने गर्दीकडे पाहिलं. तुळजा पुढे झाली, मुलाला कडेवर घेतलं आणि चालू लागली. मधेच, कुणी न सांगता, तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं.

नटीला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि ते काम तुळजाकडे आलं.

गोदामातून रजा मिळेना. तिचा नवरा दौलत टेम्पो चालवतो. तो म्हणाला, "गोदामं काय, रस्ताभर हायत. तू जा." तुळजाने गोदामाचं काम सोडलं.

मग बोलण्यावरून अडलं. वाहिनीच्या माणसांना तिचं हाय-न्हाय नको होतं. तुळजाने संवाद घोकले, पण कॅमेऱ्यासमोर तिचा आवाज परका व्हायचा. शेवटी ती अपूर्वाला म्हणाली, "ताई, तुम्ही सांगाल तसं बोलीन. पन मंग मी त्याची आय न्हाय वाटनार."

अपूर्वाने संवादाचे कागद बाजूला ठेवले. "रानातलीच बाई आहे ती. तुमच्यासारखंच बोला."

वाहिनीशी ती स्वतः भांडली, आणि तुळजाची बोली राहिली.

मुलाच्या निरोपाचा भाग टीव्हीवर लागला तेव्हा दौलतच्या घरात माणसं मावेनात. पडद्यावर मुलगा एका साधूबरोबर घर सोडून निघाला होता. "जा बाळा," तुळजा म्हणत होती, "पन येळेवर जेवत जा." घरात कुणी हललं नाही. खरी तुळजा लाजून दाराआड उभी होती.

मागून एका पाहुण्याने विचारलं, "ही कोन बाई?"

तुळजाची सासू गोदूबाई सहसा कुणाचं कौतुक करत नाही. ती मागे वळली.

"आमची सून हाय," ती म्हणाली. "गुरू मोठा झाला, पन वाढवला हिनं."