महालाची इर्जिक

महालवाडीत मल्लम्माला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि मल्लम्मा दगडी छपराखाली जात नाही हे ठाऊक नाही असाही कुणी नव्हता. सोमवारी ती महादेवाला न चुकता जायची, पण नंदीपाशीच थांबायची आणि तिथूनच पिंडीला हात जोडायची. गुरव चिडवायचा, "मल्लम्मा, देवाला एवढ्या लांबून तुझं तोंड दिसतंय का?"

"त्याला दिसतंय समदं. मलाच वरचे दगड दिसत्यात."

तिचं तरी काय चुकलं म्हणा. गणपती बुडवून गाव निजलं होतं, त्या पहाटे भूकंप झाला. मल्लम्माचं घर माळवदाचं, हात-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंतींचं. ते जागीच बसलं. सासू गेली. मल्लम्मा कमरेपर्यंत गाडली गेली होती. तिला शेजारच्या खातूनबीनं नखं तुटेस्तोवर उकरून बाहेर काढलं. तान्ही लेक राजकन्या मात्र पाळण्यावर तुळई आडवी पडली म्हणून वाचली.

वरून पाऊस लागला. गावात आडोसा असा उरलाच नव्हता. गावामागं कुण्या जुन्या किल्लेदाराचा पडका महाल होता. त्याच्या उरल्यासुरल्या भिंतीही त्या पहाटे कोसळल्या होत्या, पण दरबाराची एक कमान तेवढी भिंतीसकट उभी राहिली होती. खातूनबी राजकन्येला पदरात घेऊन त्या कमानीखाली बसली. मल्लम्मा बाहेर, पावसात. कितीही हाका मारल्या तरी ती आत येईना. लेकरू रडलं की खातूनबी ते बाहेर आणून तिच्या कुशीत द्यायची, पाजून झालं की पुन्हा कमानीखाली न्यायची. पाऊस उघडेस्तोवर असंच चाललं.

पुढं मल्लम्मा लातूरला गेली. बारावीच्या निकालांनी लातूरचं नाव गाजायला लागलं होतं. गावोगावची पोरं क्लासला यायची, त्यांना जेवू घालणारं कुणीतरी पाहिजेच होतं. मल्लम्मानं पत्र्याच्या शेडमध्ये मेस टाकली. उन्हाळ्यात पत्रा तापून भट्टी व्हायची. पक्की इमारत मिळत असतानाही ती तिथून हलली नाही. शे-दीडशे पोरांच्या भाकरी तिनं त्या पत्र्याखालीच थापल्या, आणि त्यातली डॉक्टर झालेली कितीतरी पोरं आजही तिला वाटेत वाकून नमस्कार करतात. राजकन्या मोठी झाली, तिनं मेस हातात घेतली, तेव्हा मल्लम्मा गावी परतली. पत्र्याच्याच घरात.

आणि त्याच सुमाराला नांदेडहून नाजिया आली. पुरातत्त्व खात्यातली तरुण पोरगी. डोक्याला रुमाल, हातात ब्रश, पायात मळके बूट. ढिगाऱ्यातून तिनं निळ्या झिलईच्या फरशीचा तुकडा काढून दाखवला तेव्हा आपल्या गावाखाली एवढं देखणं काही पुरलेलं आहे, हे लोकांना पहिल्यांदा कळलं. पण नाजियाची नजर होती कमानीवर.

"मावशी, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पुरुषभर मलबा आहे. पाणी मुरलं की तो फुगतो आणि भिंतीला रेटतो. पावसाआधी उपसला नाही तर यंदा कमान राहत नाही."

"मग उपसा की."

"उपसायला माणसं कुठायत?"

ते खरंच होतं. कामाला धड असलेला जो तो लातूरला क्लासवाल्यांची वसतिगृहं बांधायला गेला होता. मल्लम्मा म्हणाली, "त्या कमानीनं माझं लेकरू राखलंय. मी इर्जिक घालते."

इर्जिक म्हणजे मजुरी न घेता केलेलं काम. ज्याचं शेत त्यानं सांगावा धाडायचा, गावानं अवजारं घेऊन यायचं, हलगी लावून काम उरकायचं, आणि मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. पारावर हे निघालं तेव्हा किशन, गावातला जुना इर्जिक्या, खो खो हसला.

"अगं, इर्जिक मालकानं घालायची असती. महालाचा मालक तर मरून माती झाला!"

"म्हणून तर मी घालायलेय."

"म्हंजी उद्या म्हणशील, महाल माझा हाय?"

"हाव, म्हणीन! तुझ्या न्हाणीतला दगड कुठला रे किशनभाऊ? तू रोज महालावर उभं राहून आंघोळ करतोस, ते चालतंय व्हय?"

सगळा पार हसला. न्हाणी, उंबरा, दावण... महालाचा दगड नाही असं घरच गावात नव्हतं. किशन हसता हसता म्हणाला, "जेवायला काय हाय ते सांग आधी."

सांगावा लातूरपर्यंत गेला. बांधकामावरची माणसं सुट्टी टाकून आली. ठरल्या दिवशी सकाळी अख्खं गाव टोपली-फावडी घेऊन महालात हजर. चुलीपाशी मल्लम्मा आणि खातूनबी. नाजिया कमानीला द्यायचे लाकडी टेकू आणायला लातूरला गेली होती. ती आल्याशिवाय हात लावू नका, असं तिनं बजावलं होतं. पण हलगी वाजायला लागली, की इर्जिकेतला माणूस कुणाचं ऐकतो? शेतात जशी दोन टोकांनी चढाओढ लागते तशीच इथंही लागली: कमानीच्या पुढच्या बाजूला वरची आळी, मागच्या बाजूला खालची.

"जरा दमानं रे!" खातूनबी चुलीपासून ओरडली. "म्याडमला येऊ द्या!"

"म्याडम येईस्तोवर आम्ही जिंकून बसतो भाबी!"

वरच्या आळीनं दुपारच्या आतच आपली बाजू निम्मी रिकामी केली. मागचा ढीग तसाच. आणि मग आवाज आला. दातावर दात घासावा तसा, दगडावर दगड. कमानीतून चुन्याचा धुरळा भसकन सांडला. हलगी थांबली. टोपली टाकून माणसं पळत सुटली. किशनसारखा किशनही फावडं टाकून पळाला; तो आवाज गावानं त्या पहाटे ऐकला होता.

नाजिया टेकू घेऊन आली तेव्हा भिंत बोटभर पुढं कलली होती. तिनं आधी कुणाला लागलं नाही ना ते विचारलं, मग भिंत निरखली. "एका बाजूचा भार गेला, दुसऱ्या बाजूनं रेटलं. बंद करा. माणसांपेक्षा कमान मोठी नाही."

गवंडी भीमाशंकर पुढं झाला. त्यानं टेकू ठोकले, पाचरी मारल्या, ओळंबा सोडून भिंतीचा कल पुन्हा पुन्हा पाहिला. "धरलंय म्याडम. आता दोन्ही अंगांनी सारखं उपसलं आणि मी पाचरी ठोकत गेलो तर जागेवर येतंय. पण सारखं म्हंजी सारखं. हिकडच्यांना तिकडचं दिसत न्हाई."

"दोन्हीकडचं कुठून दिसतं?" मल्लम्मानं विचारलं.

भीमाशंकरनं बोटानं दाखवलं. कमानीच्या मधोमध.

नाजिया म्हणाली, "तिथं मी उभी राहते."

"तुझं न्हाई ऐकायची ही माणसं, पोरी. आता ऐकलं का? इर्जिक माझी हाय."

मल्लम्मानं पीठाचे हात पदराला पुसले. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. कमानीपाशी आली आणि थांबली. पाय उचलेना. वर काळ्या दगडांचं ओझं, मधल्या फटींतून अजून धूळ गळत होती. खातूनबी मागून आली, तिनं कोपर धरलं.

"चल मल्लक्का. तुझं लेकरू घेऊन मी हितंच बसले होते. मला काय झालं का?"

मल्लम्मा आत गेली.

"हां, ऐका रे!" तिचा आवाज पहिल्यांदा फाटला, मग मेसमध्ये पोरांवर ओरडायचा तोच खणखणीत निघाला. "हिकडचं एक टोपलं, मग तिकडचं एक. माझ्या हाताबिगर फावडं हलवायचं न्हाई. जी आळी पुढं जाईल ती हरली, आणि तिला भाकर न्हाई!"

हलगीवाल्यानं चाल बदलली. एक ठोका पुढं, एक ठोका मागं. मल्लम्माचा उजवा हात उठला की वरची आळी, डावा उठला की खालची. वरच्या आळीचा एक जण सवयीनं पुढं सरकला तर त्याच्याच बायकोनं मागं ओढला, "भाकर घालवतो व्हय मुडद्या!" माती चाळणीतून जात होती, खापरं-फरश्या नाजियाच्या पाटीत पडत होत्या. उन्हं कलली, दुसरा दिवस आला, तिसरा आला. जेवण्यापुरती मल्लम्मा बाहेर यायची आणि पुन्हा आत जायची. आता कुणाला कोपर धरावं लागत नव्हतं.

मलबा तळाला लागला तेव्हा खाली निळी-पांढरी फरशी दिसली, कमानीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सलग गेलेली. भीमाशंकरनं बेलफळ-गूळ घालून मळलेला चुना सांध्यांत भरला. तो मुरेपर्यंत टेकू तसेच ठेवले. मग मृगाच्या तोंडावर, सगळ्या गावाला लांब उभं करून, त्यानं एकेक पाचर उडवली. शेवटचा टेकू निसटून फरशीवर आपटला.

भीमाशंकरनं ओळंबा सोडला. दोरी स्थिर झाली.

"उभी हाय!" तो ओरडला. "सरळ उभी हाय!"

हलगी कडाडली. किशननं फेटा काढून वर भिरकावला. नाजिया रडत होती आणि हसत होती आणि दोन्ही हातांनी फोटो काढायला धडपडत होती. या सगळ्या कल्लोळात मल्लम्मा कधी आत गेली ते कुणाला कळलंच नाही. कमानीच्या पायथ्याशी, दगडाला पाठ टेकून, पाय लांब सोडून ती बसली होती.

"खातूनभाबी," तिनं हाक मारली, "समदी पंगत हितंच बसवा. बाहेर लई ऊन हाय."