चूक एकट्याला सांगणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई राऊत यांची माझी ओळख झाली ती त्यांच्या एका उत्तरातून. तलासरीच्या महाविद्यालयात मी नुकताच संगणक शिकवायला लागलो होतो. आमच्या यंत्रांवर मराठी जोडाक्षरं छापताना फुटायची, म्हणून संगणकावरच्या मराठीसाठी झटणाऱ्या एका ईमेल गटाला मी लांबलचक, गोंधळलेलं पत्र धाडलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. माझं पाल्हाळ वगळून नेमके प्रश्न तेवढे ठेवलेले आणि प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. शेवटी नाव आणि गाव : आगर, डहाणू. ज्यांना मी पुण्या-मुंबईचे कुणी तज्ज्ञ समजलो, त्या तासाभराच्या वाटेवर राहत होत्या.

ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. गटाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. पत्र आलं की आधी मोठ्यानं वाचायचं, राग आला असेल तर जेवून घ्यायचं आणि मग उत्तराला बसायचं, ही त्यांची रीत. चूक सांगायची ती एकट्याला आणि आभार मानायचे ते सगळ्यांसमोर, असं त्या आम्हाला बजावत. माझे वडील गेले तेव्हा गटावर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. एसटीनं तलासरीला आल्या, आईपाशी बसल्या आणि गटात माझ्या वाट्याला आलेल्या प्रश्नांना पुढे कितीतरी दिवस स्वतः उत्तरं देत राहिल्या.

पंच्याहत्तरीच्या अशा गौरवग्रंथात गोड तेवढंच लिहावं, असा संकेत आहे. पण ताईंच्या आयुष्यातली सर्वांत जड गोष्ट वगळून त्यांचा गौरव करणं मला जमणार नाही आणि त्यांना रुचणारही नाही.

गटात एक गृहस्थ होते. अतिशय जाणते, पण लेखणीला धार. नवख्यांना ते फाडून खात. आम्ही तक्रार केली की ताई म्हणत, "माणूस कडू आहे, पण काम सोन्यासारखं करतो. सांभाळून घेऊ." त्या त्यांना खाजगीत समजावत. महिनाभर बरं चाले, मग पुन्हा तेच.

अशात डहाणूच्याच डोंगरपट्ट्यातल्या सायवनहून सुनीता धोडी यांचं पत्र आलं. त्या आश्रमशाळेत शिकवत. लहान मुलं घरी जे शब्द बोलतात त्यांची चित्रांसह पुस्तिका त्या करत होत्या आणि छापताना अक्षरं मोडत होती. पत्र मोबाइलवर लिहिलेलं, त्यांच्या बोलीतलं. या गृहस्थांनी सगळ्यांसमोर उत्तर दिलं : "आधी मराठी शिका. हा गट म्हणजे बालवाडी नाही."

सुनीताताईंनी त्याच दुपारी गट सोडला.

ताई दुसऱ्या दिवशी चारोटीला बस बदलून सायवनला गेल्या. मीही सोबत होतो. सुनीताताईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. ताईंनी हात जोडून माफी मागितली. सुनीताताई म्हणाल्या, "ताई, तुमी आल्या, बरा वाटला. पन मी परत नाय येयाची. आमची पोरा शालेत येतात, तवा त्यांना बी असाच बोलतात. तिथं मी त्यांच्यासाठी भांडते. माझ्यासाठी कोन भांडला?"

ताईंनी मोडलेल्या अक्षरांची पानं मागून घेतली. ती पुस्तिका आम्ही दोघांनी तिथेच बसून नीट करून दिली. मुलांनी ती वापरली. सुनीताताई मात्र गटात परतल्या नाहीत.

येताना बसमध्ये ताई म्हणाल्या, "प्रकाश, मी त्यांना सहन केलं आणि त्याची किंमत या पोरीनं दिली. सहन करायचं तर आपल्या अंगावर घेऊन करावं रे. दुसऱ्याच्या जिवावर नाही."

त्या आठवड्यात ताईंनी त्या गृहस्थांना गटातून काढलं. कारण सगळ्यांसमोर लिहिलं, एकही कठोर शब्द न वापरता. चूक एकट्याला सांगायच्या रीतीला त्यांनी तेवढी एकदाच मुरड घातली. अपमान सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून न्यायही तिथेच व्हायला हवा होता. त्या गृहस्थांमागून आणखी काही जाणते लोक गेले. काम रखडलं. "एका बाईच्या हट्टापायी गट बुडाला," असंही लिहिलं गेलं. ताईंनी तेही पत्र मोठ्यानं वाचलं आणि वेळ दिल्याबद्दल लिहिणाऱ्याचे आभार मानले.

आता गटावर फारसं कुणी लिहीत नाही. ताईंचा डावा डोळा काचबिंदूनं गेला, उजव्यानंही कमी दिसतं. रविवारी मी आगरला जाऊन पत्रं वाचून दाखवतो. पुष्कळदा वाचायला काहीच नसतं. मग आम्ही ओट्यावर चहा घेतो आणि ताई विचारतात, "सायवनला गेला होतास का इतक्यात? ती बरी आहे ना?"

ताई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. उदंड आयुष्य लाभो, असं लिहिताना माझा हात जरा थांबतो, कारण त्यांचा गट त्यांच्याआधी संपेल, हे आम्हा सर्वांना दिसतं आहे. तरीही मागणं तेच. ताईंना शंभरी लाभो, गुडघ्यांना बळ राहो. त्या उजव्या डोळ्यातला उजेड टिको आणि एखाद्या सकाळी सायवनहून चार ओळी आल्याच, तर त्या वाचायला ताईंना माझी गरज न पडो.